राखेचा बंधारा फुटला, वावरात राख बसली: भरपाई कोणाकडून आणि कशी?

नागपूरजवळच्या कोराडीकडच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: वीज केंद्र कोळशाची राख जिथं साठवतं त्या बंधाऱ्याला भगदाड पडलं, पाच एकर वावरात राख बसली, विहिरीचं पाणी दुधी झालं. कंपनी म्हणते, पाऊसच तसा झाला. प्रदूषण मंडळ म्हणतं, आम्ही नोटीस दिली. तहसीलमध्ये सांगतात, शासनाची मदत येईल. मग भरपाई द्यायची कोणी, आणि सरकारचं यात काम काय?

भरपाई कंपनीनं द्यायची. कायद्यात याबद्दल संदिग्धता नाही. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली ठरवून दिलं की धोक्याचा उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे. ‘आम्ही काळजी घेतली होती’ किंवा ‘देवाची करणी’ या सबबी तिथं चालत नाहीत. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांचं खास न्यायपीठ; त्याच्या २०१० च्या कायद्याच्या कलम १७(३) मध्येही अपघात असेल तर दोष सिद्ध न करता भरपाई, हेच तत्त्व आहे. त्यामुळे चूक कोणाची हे शोधण्यात शक्ती घालवू नका.

तुम्हाला दाखवायच्या गोष्टी तीनच: राख तिथूनच आली, नुकसान इतकं झालं, आणि ते या तारखेपासून या तारखेपर्यंत चाललं. या तिन्हींची पहिली नोंद पहिल्या आठवड्यात सरकारी माणसाच्या हातून होते. प्रकरणं बहुतेक तिथंच बिघडतात.

पंचनाम्यापासून सुरुवात करू. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामपंचायतीचा माणूस येतो, छापील तक्ता भरतो. त्यात नुकसानीचं कारण लिहायचं असतं आणि सवयीनं तिथं ‘अतिवृष्टी’ पडतं. या एका शब्दानं तुमचं नुकसान नैसर्गिक आपत्तीच्या खात्यात जातं. मदत सरकारी तिजोरीतून, ठरलेल्या दरानं आणि ठरलेल्या हेक्टरपर्यंतच मिळते, आणि कंपनीच्या वकिलाला सरकारी कागद आयता सापडतो. महसुली भाषेत अतिवृष्टी म्हणजे त्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. तुमच्या महसूल मंडळाचा त्या दिवसाचा आकडा महावेधच्या (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या) पर्जन्यमापकावरून काढा. तो ६५ च्या खाली असेल तर ‘अतिवृष्टी’ लिहिताच येत नाही. वर असला तरी नागपुरात जुलैत जोराचा पाऊस होणं ही काही नवलाई नव्हे. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात बंधारा बांधायचा तर तो पावसाचा हिशेब धरूनच बांधायला हवा.

पंचनाम्यावर सही करण्याआधी हे वाक्य त्यात घालायला लावा: ‘राख बंधारा फुटून राखमिश्रित पाणी शेतात शिरले, राखेचा सरासरी थर अमुक सेंटिमीटर, प्रवाहाची दिशा बंधाऱ्याकडून.’ नाही म्हणाले तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं ‘कारणाबाबत हरकत’ लिहा आणि त्याच दिवशी तहसीलदारांकडे अर्ज देऊन पोच घ्या. महिनाभरानं केलेली हरकत पश्चातबुद्धी ठरते.

आता थर. ‘पूर्ण वावर राखेनं भरलं’ या वाक्याला लवादात किंमत नाही, सेंटिमीटरला आहे. एका एकरात किमान नऊ-दहा ठिकाणी, धुऱ्यापासून आत चौकटीनं, कुदळीनं खड्डा करून काळ्या मातीपर्यंत जा आणि पट्टी उभी लावून राखेची जाडी मोजा. राखाडी थर आणि काळी माती यांची रेघ फोटोत स्पष्ट दिसते. फोटो अक्षांश-रेखांश उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं काढा, पट्टी चौकटीत ठेवा. आकडे वहीत लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. एक पाऊस झाला की वरचा थर वाहून जातो, म्हणून हे पहिल्या दोन दिवसांत व्हायला हवं. ज्या मोबाईलवर फोटो काढले तो फॉरमॅट करू नका, विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते, आणि ती मूळ फाईलवरून काढलेली बरी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आकसलेला असतो, त्याची हॅश मूळ फोटोशी जुळत नाही.

मोजमाप हातात आलं की खर्च निघतो. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सरासरी १० सेंटिमीटर थर धरला तर एकरी सुमारे ४०५ घनमीटर राख. टिप्परमध्ये १२ घनमीटर बसते असं धरलं तर एकरी ३४ खेपा, पाच एकरांना १७० च्या आसपास. ओली राख जड, त्यामुळे टिप्पर काठोकाठ भरता येत नाही आणि खेपा वाढतात. जेसीबीनं राख खरवडताना तीन-चार सेंटिमीटर कसदार मातीही निघून जाते. ती परत आणून पसरणं, शेणखत, विहिरीचा उपसा आणि गाळ काढणं, तुरीचं किंवा पऱ्हाटीचं गेलेलं पीक, पुढच्या हंगामातली घट, हे सगळे वेगवेगळे आकडे मांडा. ठोक ‘पाच लाख द्या’ म्हणू नका. यामागचं कारण खाली पैशांच्या हिशेबात येतं.

पाण्याचे आणि मातीचे नमुने घेताना सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे तुलनेचा नमुना. विदर्भातल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) मुळातच साडेसात-आठच्या घरात असतो आणि बऱ्याच गावांत भूजलात फ्लोराइड नैसर्गिकच आहे. तुमच्या विहिरीत फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं की कंपनी म्हणणार, ‘इथलं पाणीच तसं.’ म्हणून राख न पोचलेलं शेजारचं वावर आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची विहीर, दोन्हींचे नमुने त्याच दिवशी घ्या. नाल्यात तीन जागा: भगदाडाच्या वर, भगदाडाजवळ, खाली. मातीचे नमुने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे वेगळे. जड धातूंसाठी पाणी आम्लानं धुतलेल्या प्लास्टिक बाटलीत घेऊन नायट्रिक आम्लानं सामू २ च्या खाली आणतात, पारा तपासायचा तर काचेची बाटली. सामू जागेवरच मोजायचा. प्रयोगशाळेकडूनच बाटल्या आणि माणूस मागवलेला उत्तम, बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतला नमुना पैसे वाया घालवतो. अहवालावर एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा) शिक्का असतो, पण आर्सेनिक, पारा, शिसं, बोरॉन हे घटक त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत आहेत का, ते आधी विचारा. शिक्का प्रयोगशाळेला असतो, प्रत्येक चाचणीला असतोच असं नाही.

तुमच्या खासगी अहवालानं लवाद दखल घेतो, समिती पाठवतो. मात्र फौजदारी खटल्याला जल कायदा, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना लागतो. प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानं तिथल्या तिथं कंपनीला लेखी सूचना द्यायची, नमुना तिच्या माणसासमोर दोन भागांत करायचा, दोन्ही सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही पायरी चुकली की अहवालात विष निघालं तरी न्यायालयात तो टिकत नाही. मंडळाचा क्षेत्र अधिकारी आला की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा सूचना दिली का, सील केलं का, एवढं बघा आणि तसं बघितल्याचं लिहून ठेवा.

आता पैसे. इथं तीन वेगळे खिसे आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला खिसा आपत्ती निवारणाच्या मदतीचा. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी ठराविक रक्कम मिळते. ती घ्या, नाकारू नका, फक्त अर्जावर ‘कंपनीकडील भरपाईचा हक्क राखून’ लिहा. कंपनी ‘सानुग्रह’ धनादेश घेऊन आली तर मात्र सावध. पावतीवर ‘अंतिम व पूर्ण मोबदला मिळाला, यापुढे तक्रार नाही’ असं एक ओळीचं कलम असतं. पंधरा हजारांत पाच एकर विकल्यासारखंच ते.

दुसरा खिसा पर्यावरणीय भरपाईचा. ही प्रदूषण मंडळ कंपनीकडून वसूल करतं आणि ती शेतकऱ्याला मिळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे: प्रदूषण निर्देशांक (उद्योगांचे वर्ग प्रदूषणानुसार; सर्वांत जास्त प्रदूषणाच्या लाल वर्गाला ८०, नारिंगी ५०, हिरव्याला ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक (१०० ते ५००, सर्वसाधारण २५०), उद्योगाचा आकार (लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि ठिकाण. दहा ते पन्नास लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीत किंवा हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत असेल तर १.२५. लाल वर्गातला मोठा उद्योग, ४५ दिवस, नागपूरलगत: ८० × ४५ × २५० × १.५ × १.२५ म्हणजे १६,८७,५०० रुपये. वीज केंद्राला ही रक्कम किरकोळच, पण सूत्रात एकच आकडा लांबवता येण्यासारखा आहे, दिवसांचा. आणि तो मोजतात मंडळाच्या कागदावर उल्लंघन नोंदलं गेलं तिथून, तुम्हाला त्रास सुरू झाला तिथून नाही. मंडळाची भेट आठ दिवस लांबली तर आठ दिवस गेले. म्हणून घटनेच्या दिवशीच सिव्हिल लाइन्सच्या प्रादेशिक कार्यालयाला ई-मेल करा, भेटीची मागणी करा आणि भेट अहवालाची प्रत मागा. शेतातली राख उचलून होईपर्यंत उल्लंघन चालूच आहे, हा मुद्दा पहिल्याच पत्रात मांडा.

मंडळाला अशी वसुली करताच येत नाही, हा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षं करत आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या मंडळाच्या प्रकरणात सांगितलं की जल कायद्याच्या कलम ३३अ आणि वायू कायद्याच्या कलम ३१अ खाली मंडळं भरपाई आकारू शकतात, त्यासाठी नियम मात्र हवेत.

तिसरा खिसा तुमचा: हरित लवाद कायद्याच्या कलम १५ खालची नुकसानभरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्च. कंपनीची उलाढाल बघून लवादानं ठोकलेले मोठे दंड सर्वोच्च न्यायालयानं अलीकडे रद्द केले आहेत, २०२४ मध्ये पंचवीस कोटींचा आणि २०२५ मध्ये पन्नास कोटींचा. रकमेचा नुकसानीशी संबंध दाखवा, असं न्यायालयाचं म्हणणं. वर्तमानपत्राला शंभर कोटींचा मथळा आवडतो, अपिलात टिपरांच्या खेपांचा हिशेब टिकतो.

आता सरकार. नागपूरच्या बाबतीत अडचण अशी की कोराडी आणि खापरखेडा ही केंद्रं महानिर्मितीची, म्हणजे राज्य सरकारच्याच कंपनीची. संमतीपत्र (उद्योग चालवायची परवानगी) देणारं आणि तपासणारं प्रदूषण मंडळ राज्याचं. पंचनामा करणारा महसूल विभागही राज्याचाच. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांत गेली, तेव्हा हाच पेच सगळ्यांसमोर आला. एकच माणूस आरोपी, फौजदार आणि पंच असावा तसं हे. कोणाच्या मनात खोट नसली तरी फाईल सावकाश चालते.

सरकारनं पीडितांच्या वतीनं लढायचं ठरवलं तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८५ च्या खास कायद्यानं केंद्रानं सर्व पीडितांचे दावे स्वतःकडे घेतले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड केली. रक्कम अपुरी म्हणून सरकारच पुढे पुन्हा न्यायालयात गेलं, आणि मार्च २०२३ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. गावाच्या वतीनं कोणी तडजोड करत असेल, मग ते ग्रामपंचायत असो वा आमदार, तर गटनिहाय यादी आणि रक्कम लेखी बघितल्याशिवाय मान हलवू नका.

या पेचातून वाट काढायला केंद्राच्या यंत्रणा उपयोगी पडतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. माहिती अधिकारात दहा रुपयांत मागील तीन वर्षांचे अहवाल मागा. त्यात बंधाऱ्याबद्दल ‘अटींचे पालन केले जात आहे’ हेच वाक्य सहा वेळा जसंच्या तसं सापडलं तर तेही पुराव्यात लावा. मंडळाकडून संमतीपत्र, जप्त केलेल्या बँक गॅरंटीचा तपशील, आधीच्या कारणे दाखवा नोटिसा आणि पावसाळ्यापूर्वीचा बंधारा तपासणी अहवाल मागा. बंधारा बहुधा एका रात्रीत खचत नाही. आधी खालच्या अंगाला झिरपा दिसतो, बंधाऱ्यातलं पाणी उतरवणारी विहीर राखेनं चोंदते, पाण्याची पातळी काठाला लागते. या नोंदी असतील तर कंपनीला माहीत होतं हे दिसतं, नसतील तर तपासणीच झाली नाही हे दिसतं. लवादात मागणी करताना संयुक्त समितीत केंद्रीय मंडळ आणि नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) यासारखी संस्था असावी आणि समन्वय राज्य मंडळाकडे नसावा, असं स्पष्ट लिहा. मंडळालाही प्रतिवादी करा, नाहीतर त्यांचे कागद बाहेर येत नाहीत.

राखेपुरती आणखी एक तरतूद: ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे वापरात न आणलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई आहे. हा पैसाही तुमच्याकडे येत नाही, पण बंधाऱ्यात राख किती तुंबली होती याचा अधिकृत आकडा या हिशेबातून मिळतो.

मुदतीचा सापळा नीट समजून घ्या. कलम १४ खालचा अर्ज (प्रदूषण थांबवा, आदेश द्या) सहा महिन्यांत, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. कलम १५ खालची भरपाई पाच वर्षांत, वर ६० दिवस. दोन्ही मुदती कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. मंडळाला स्मरणपत्रं पाठवण्यात सहा महिने जातात आणि मग लक्षात येतं. दिवाणी न्यायालयात जाऊ नका, कलम २९ नं तो दरवाजा बंद आहे. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे प्रत्येक तारखेला पुण्याला जावं लागत नाही. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या १ टक्का. फुगवलेला आकडा इथंही महाग पडतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. पिण्याच्या पाण्याचा तातडीचा प्रश्न असेल तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ खुलं आहेच, आणि नाला-विहिरीच्या उपद्रवासाठी उपविभागीय दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आदेश देऊ शकतात. हा उपाय स्वस्त आणि जवळचा, पण फारसा कोणी वापरत नाही.

मालमत्तेच्या नुकसानीचा अर्ज मालकानं करायचा असतो, म्हणून सातबारा लागतो. वावर ठेक्यानं केलेलं असेल तर ठेकेदार शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्यानं ‘बाधित व्यक्ती’ म्हणून मालकासोबतच अर्ज करावा आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र, बियाणं-खताच्या पावत्या, ई-पीक पाहणीची नोंद जोडावी.

फौजदारी बाजूला फार अपेक्षा ठेवू नका. जनविश्वास कायद्यानंतर पर्यावरण संरक्षण कायद्यातली बरीचशी शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांच्या दंडात बदलली. तुरुंगवास येतो तो हा दंडच भरला नाही तर. वायुगळतीसारख्या घातक रसायनांच्या अपघातात १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. राखेला तो लावायला जाऊ नका, पहिल्याच तारखेला तांत्रिक वाद सुरू होतो. बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीत नाल्यावर अनेक कारखाने असतील तर ‘नेमका कोणाचा’ हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही. कलम १७(२) प्रमाणे लवाद जबाबदारी वाटून देऊ शकतो, तेव्हा सगळ्यांनाच प्रतिवादी करा.

अर्जातल्या मागण्यांमध्ये दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, अंतरिम ठेव. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी वायुगळती झाली आणि दुसऱ्याच दिवशी लवादानं कंपनीला ५० कोटी भरायला लावले. दोन, व्याज. राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रदूषणाच्या प्रकरणात १९९६ मध्ये निकाल लागला, कंपन्यांनी अर्ज करकरून ३७ कोटींची वसुली पंधरा वर्षं लांबवली, आणि २०११ मध्ये न्यायालयानं १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. मागणीतच व्याज लिहिलं असेल तर लांबवण्याची हौस कमी होते.

आदेश मिळाल्यावर कलम २५ खाली तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. कंपनी ‘राख उचलली’ असा अहवाल देईल, बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा पहिल्या वेळी जिथं पट्टी लावली होती त्याच ठिकाणी पुन्हा खड्डे करून मोजा आणि मृगापूर्वी ते आकडे लवादाकडे पाठवा. नांगर फिरला की राख मातीत मिसळते, आणि मग किती राहिली होती हे कोणालाच दाखवता येत नाही.